बाहुलीचा नवरा

एक चादर खिळ्यांना अडकवली तरी उन्हाची तिरीप आत येतच होती, म्हणून बसवराजने खिडकीवर दुसरी चादर टाकली आणि दाराला कडी लावली. खोलीत अंधार झाला तशी सुंदरम्मा खाटेवरून उठून उभी राहिली. लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता. भर दुपारी नवऱ्याने दार लावून घेतले की खाली जाऊबाईंच्या तोंडाला काम मिळणार, एवढे तिला कळत होते.

"अहो, अक्का खालीच हायत," ती हळूच म्हणाली.

"असू दे. तू भिंतीकडं बघ."

त्याने खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. तिच्यातून हाताने फिरवायचे सिनेमाचे यंत्र निघाले. पुढे भिंग, मागे दिवा, बाजूला दांडी. जत्रेत मुलांसाठी विकतात तसलेच, फक्त थोरले. त्याने फिल्मची गुंडाळी बसवली, दिवा लावला आणि दांडी फिरवू लागला. भिंतीच्या पोपडे निघालेल्या चुन्यावर बर्फ पडू लागले.

बर्फातून एक मुलगी चालत आली. चित्रातली मुलगी. डोळे चेहऱ्याच्या मानाने फार मोठे, केस काळेभोर, अंगाभोवती लपेटलेला निळा झगा. तिच्या हातात दोर होता आणि दोराला एक म्हातारा घोडा. ती थोडी चालायची, थांबायची, मागे वळून बघायची, पुन्हा चालायची. आवाज कसलाच नव्हता, फक्त यंत्राची घरघर.

सुंदरम्मा आधी तोंडाला पदर लावून हसली. मग पदर धरलेला हात आपोआप खाली आला.

"घोडा आंधळा हाय व्हय?"

बसवराजने चमकून तिच्याकडे पाहिले. "तुला कसं कळलं?"

"ती दोर वढत न्हाय की. नुसता धरलाय. काकाची म्हस आंधळी हुती, तिला मी असंच न्यायची पाण्यावर."

घोड्याला दिसत नाही हे त्याला स्वतःला कितीतरी वेळा बघितल्यावर उमगले होते. गुंडाळी संपली, भिंतीवर नुसता उजेडाचा चौकोन उरला.

"परत लावा की," ती म्हणाली.

त्या दुपारी त्याने तिला सगळे सांगितले. काही वर्षांपूर्वी थोरल्या भावाने, अण्णांनी, त्याला रंग आणायला मुंबईला पाठवले होते. व्यापारी भेटेना, म्हणून वेळ काढायला तो एका थेटरात शिरला. तिथे आठवडाभर जपानी चित्रांचे सिनेमे लागले होते. भोवती शाळेची पोरे, त्यांच्या बाई, आणि मध्ये धोतर-टोपीतला तो. भाषेचे एक अक्षर कळले नाही. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच जाऊन बसला, तिसऱ्या दिवशीही. रंग न घेताच घरी आला आणि भर दुकानात त्याने अण्णांची बोलणी खाल्ली. पुढे जुन्या फिल्मा विकणाऱ्या एका माणसाकडे त्या सिनेमाचा हा तुटका तुकडा मिळाला.

"कुणीतरी बसून काढलीय ही," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "एक पाऊल टाकायचं तर किती चित्रं लागत असतील. नुसती शाई ती. पण ही चालायला लागली, की माझ्या जिवाला बरं वाटतं."

हे त्याने आजवर कुणाला सांगितले नव्हते. बोलून गेल्यावर त्याला लाज वाटली असावी. तो खाली वाकून फिल्म गुंडाळू लागला. सुंदरम्माने पुढे होऊन दुसरे टोक हातात धरले.

चाटी गल्लीत चादरींचे दुकान खाली आणि बिऱ्हाड मागे-वर, असे त्यांचे घर होते. गादीवर थोरला भाऊ चनबसप्पा बसायचा. घरात त्याला सगळे अण्णा म्हणत. बसवराज गिऱ्हाइकांपुढे घड्या मोडायचा आणि पुन्हा घालायचा. तिशी उलटली तरी त्याचे लग्न जमत नव्हते, कारण मुंबईची गोष्ट दुकानातून गल्लीत आणि गल्लीतून पाहुण्यांत गेली होती. शिवाय रविवारी सकाळी थेटरात मुलांसाठी चित्रांचे छोटे सिनेमे लागत, तिथेही तो दिसायचा. पोरांच्या गर्दीत एवढा बाप्या कशाला जातो, असे लोक विचारत. कुणी म्हणायचे डोक्यात कमी आहे, कुणी डोळा बारीक करून आणखी वाईट काही सुचवायचे. एक स्थळ आले ते या बोलण्यावर मोडले. मग दुसरे. दुसऱ्या वेळी मुलीचा मामा उठताना म्हणाला, "पोराचं लगीन कशाला करताय? त्याला बाहुली हाय की." तेव्हापासून गल्लीने त्याला नाव दिले, बाहुलीचा नवरा.

सुंदरम्मा अक्कलकोटकडची. बाप लहानपणी गेला, काकाने वाढवली. एकदा ठरलेले लग्न मोडले होते, त्यात तिचा दोष काही नव्हता, पण मोडलेले ते मोडलेले. दोन्ही घरांनी एकमेकांचा उणेपणा पाहिला आणि गप्प राहून अक्षता टाकल्या. तिला नवऱ्याबद्दल कुणी काही सांगितले नाही.

दुपारी दुकान बंद असायचे, अण्णा घोरत पडायचे. त्या वेळात वरच्या खोलीच्या खिडकीवर चादर चढायची. सुंदरम्मा आता स्वतःच पेटी ओढायची. एकदा तिने दांडी फिरवायला मागितली आणि इतकी भरभर फिरवली की मुलगी न् घोडा धावतच सुटले. बसवराज पोट धरून हसला. त्याचे हसणे जिन्यावरून खाली गेले.

खाली थोरली जाऊ कमलम्मा ज्वारी निवडत होती. तिने हातातले सूप बाजूला ठेवले आणि सासूकडे पाहिले.

"अव्वा, आइकलं का? एक खुळं हुतं, आता दोन झाली."

चंद्रव्वाने काही उत्तर दिले नाही. त्या घरात गप्प राहणे म्हणजे होच.

तिथून सुरू झाले. कमलम्मा उघड भांडणारी बाई नव्हती. ती हसत बोलायची. नळावर शेजारणींसमोर सुंदरम्माची घागर भरून द्यायची आणि विचारायची, "काय गं, सवत बरी हाय का तुजी? जेवली का?" शेजारणी हसायच्या. वर्ष गेले, दुसरे लागले, सुंदरम्माला दिवस राहिले नाहीत, तसे बोलणे आणखी धारदार झाले. "पोर कुठनं हुनार? नवराच पोर हाय, अजून खेळतोय." हळदीकुंकवाला तिला मागच्या ओळीत बसवत. कोठीच्या किल्ल्या कमलम्माच्या कमरेला असत. साखर हवी तरी मागून घ्यावी लागे.

एकदा सुंदरम्मा बसवराजला म्हणाली, "दुपारच्याला नको आता. लोक बोलत्यात."

"लोक मला दहा वर्षं बोलतात."

"तुमाला बोलू द्या. मला सोसवत न्हाय."

त्याने पेटी खाटेखाली सरकवली. पण तिला माहेरी जायचे होते त्याच्या आदल्या दुपारी त्याने हळूच विचारले, एकदाच बघायचं का? तिने खिडकीवर चादर टाकली.

दोन मुलींच्या पाठीवर कमलम्माला मुलगा झाला. बारशाला घर भरून गेले. बायका माजघरात, पुरुष बाहेर ओसरीवर. पाळण्याला झेंडूच्या माळा, पितळी पराती भरून घुगऱ्या. सुंदरम्मा पहाटेपासून चुलीपाशी होती. पाळण्याची दोरी धरायला तिला कुणी बोलावले नाही. वांझेचा हात नको, हे कुणी तोंडाने म्हटले नाही इतकेच. ती पेले घेऊन आत आली तेव्हा कमलम्माची मावशी मोठ्याने विचारत होती, "हीच का गं ती? बाहुलीची सवत?"

हशा झाला. सुंदरम्मा पेले हातात घेऊन उभी राहिली. कमलम्मा म्हणाली, "मावशी, तिला काय म्हनू नका. गरीब हाय ती. तिचा नवरा काय काय करतो, ते ती बिचारी सांगत बी न्हाय."

"सांग की गं," मावशी म्हणाली. "ये, हितं बस. पोटात ठिवून कुणाला सुख लागलंय?"

तिने आपल्याजवळ, पाळण्याशेजारी, पाटावर जागा केली. सगळ्या बायका सुंदरम्माकडे बघत होत्या, आणि पहिल्यांदाच कुणाच्या नजरेत टोचणी नव्हती. होती ती नुसती उत्सुकता. सुंदरम्माने पेले खाली ठेवले. पदर कमरेला खोचला.

"आधी ते खिडकीला चादर लावत्यात," ती म्हणाली. आणि तिने लावून दाखवली. टाचा उंचावून, जीभ दातांत धरून, अगदी बसवराज लावायचा तशी. बायका हसल्या. तिने वाकून पेटी ओढली, दांडी फिरवली, हळूहळू तोंड उघडे टाकले, मान कलती केली. हसणे वाढले. पाळण्यातले मूल दचकून रडू लागले, त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. कमलम्माने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "अगं बाई! आन मग?"

हसण्याचा आवाज ऐकून पुरुष दारात आले. अण्णांनी मागे वळून हाक मारली, "बसवराज, ये इकडं. तुझं नाटक लागलंय."

बसवराज दारात येऊन उभा राहिला. हातात पाहुण्यांना वाटायच्या विड्यांचे तबक होते. सुंदरम्माने त्याला पाहिले. ती तिथेच थांबली असती तर चेष्टाच ठरली असती, दिवस मावळेपर्यंत विरून गेली असती. पण सगळे घर तिच्याकडे बघत होते. तिने छातीवर हात ठेवला आणि त्याच्या मऊ, किंचित अडखळत्या आवाजात म्हणाली, "ही चालायला लागली, की माझ्या जिवाला बरं वाटतं."

घर हसून कोसळले. मावशीच्या डोळ्यांतून पाणी आले. कुणीतरी टाळ्या पिटल्या. तबक हातात तसेच धरून बसवराजही हसला, कारण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"आणा रे ते यंत्र खाली," अण्णा म्हणाले. "आमाला बी बघू द्या आमची दुसरी भावजय."

दोघे पाहुणे वर जाऊन पेटी घेऊन आले. माजघराची दारे लोटली. अण्णांनी दांडी हातात घेतली. फिल्म बसवायला त्यांना जमेना, म्हणून बसवराजनेच बसवून दिली. भिंतीवर पाळण्याच्या माळांची सावली पडली आणि त्या सावलीतून मुलगी चालत आली. कुणी शिटी वाजवली. कुणी म्हणाले, "डोळं बघ, बशीएवढं." कुणी घोड्यासारखा खिंकाळला.

"हात थांबवू नका, अण्णा," बसवराज म्हणाला.

"का? थांबवला तर काय हुतंय?"

"दिव्यानं फिल्म जळते."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिले. मग सगळ्यांकडे पाहिले आणि हात थांबवला. मुलगी मागे वळता वळता भिंतीवर थांबली. क्षणभर काहीच झाले नाही. मग तिच्या गालावर एक तपकिरी डाग उठला, पसरला, कडांना फुगला, आणि चेहऱ्याच्या जागी उजेडाचे भगदाड पडले. जळक्या फिल्मचा वास माजघरभर झाला.

"गेली रे बाहुली! विधुर झालास बसवराज!" कुणीतरी ओरडले. "औंदा गड्ड्याच्या जत्रेला तंबू ठोकू या, लई चालंल ह्यो खेळ," अण्णा म्हणाले. मघापेक्षा मोठा हशा झाला. बसवराजने पुढे होऊन दिवा मालवला, हात भाजेल म्हणून धोतराचा सोगा धरून. सुंदरम्मा पाटावर मावशीशेजारी बसली होती. तिच्या ओंजळीत कुणीतरी घुगऱ्या दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बसवराजने ती पेटी स्वतः नेऊन मोडीत घातली. बायकोला तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. तिने एकदा पाय चेपता चेपता विचारले, "तुमी मला कायच म्हनाला न्हाय."

"काय म्हणायचं?" तो म्हणाला आणि कूस बदलली.

ते वाक्य मात्र घरात राहिले नाही. चाटी गल्लीतून कुणी बाई चालत गेली की पोरे एकमेकांना कोपर मारून म्हणायची, ही चालायला लागली की जिवाला बरं वाटतं. हमाल म्हणायचे, सूत विकायला येणारे दलाल म्हणायचे. गोष्ट गाडीत बसून परगावीही गेली. बसवराज आपल्यासमोर हे वाक्य ऐकायचा आणि घडी घालायचा. पुढे पुढे तोही हसायला शिकला, आणि हसायला लागल्यावर लोकांनी त्याला आपल्यात घेतले. पानपट्टीवर त्याला जागा मिळाली. सुंदरम्माला दिवस राहिले, मुलगी झाली. कोठीच्या किल्ल्या एके दिवशी कमलम्माने आपण होऊन तिच्या हातात दिल्या. अण्णा पंढरपूरच्या बाजारी जायचे तेव्हा गादीवर बसवराजला बसवायचे.

एका सकाळी, अण्णा दुकानातच असताना, दुकानाच्या पायरीवर एक माणूस चप्पल काढून उभा राहिला. पंचेचाळिशीचा, अंगात रेल्वेचा खाकी कोट, काखेत पिशवी आणि छातीशी धरलेली कागदाची गुंडाळी.

"बसवराज म्हणून कोण?"

"मीच. या, बसा. लग्नाचा बस्ता हाय का?"

"न्हाय, न्हाय." माणूस ओशाळून हसला. "मी त्रिंबक. कुर्डुवाडीला पार्सल ऑफिसात आहे. गाडीत एक व्यापारी तुमची गोष्ट सांगत होते. म्हणजे, हसत सांगत होते. आख्खा डबा हसला. मला हसू आलं न्हाय." त्याने काखेतली पिशवी सावरली. "मी पुण्याला बघितलाय तो सिनेमा. घोड्याचा. मला वाटायचं, आपणच एक असे. घरात कुणाला सांगायची सोय न्हाय. म्हटलं, जाऊन भेटावं."

समोर दोन गिऱ्हाइके चादरी चाचपत होती. त्यांचे हात थांबले. गादीवर अण्णांनी पानाची पिंक आतल्या आत धरली.

त्रिंबकने गुंडाळी उलगडली. "हे मी काढलंय. आठवून आठवून. पाय नीट जमले न्हाईत."

बसवराजने कागद हातात घेतला. बर्फ होते, घोडा होता. मुलगी मागे वळून बघत होती. दोर सैल काढला होता. तो कागदाकडे बघत राहिला. जरुरीपेक्षा जास्तच वेळ राहिला असावा, कारण अण्णा खाकरले. आतल्या दाराच्या पडद्याआड सुंदरम्माच्या बांगड्या वाजल्या.

मग बसवराजने कागद उचलून गिऱ्हाइकांपुढे धरला.

"बघा," तो म्हणाला, "कुर्डुवाडीवाल्यांनी बाहुली काढलीय. पाहुणे, पोरंबाळं किती तुम्हाला?"

"तीन," त्रिंबक म्हणाला. त्याला अजून कळले नव्हते.

"मग ही त्यांना द्या खेळायला. का तुमच्याच उशाला असते? ही चालायला लागली की तुमच्याबी जिवाला बरं वाटतं का?"

गिऱ्हाइके हसली. अण्णा इतके हसले की पानाचा रस हनुवटीवर आला. त्रिंबकने आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग बसवराजकडे पाहिले. त्याने हात पुढे केला, कागद घेतला आणि सावकाश, कडा जुळवून गुंडाळला.

"माफ करा," तो म्हणाला. "दुकान चुकलं."

त्याने चपला हातात घेतल्या आणि उजवा पाय जपत पायरी उतरून गल्लीत गेल्यावर घातल्या.

दुपारी जेवायला सगळे बसले तेव्हा अण्णांनी गोष्ट सुरू केली आणि मध्येच सोडली. "मला न्हाय जमत. बसवराज, तू सांग. कसा उभा हुता रे?"

बसवराज पाटावरून उठला. त्याने एक खांदा पाडला, काख आवळली, दोन्ही हात छातीशी धरले. मग तो स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. उजवा पाय जरासा दुखणाऱ्या माणसाचे चालणे, कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. वळताना त्याने मान अर्धीच वळवली आणि ओशाळे हसला. इतके हुबेहूब झाले की त्रिंबकला न पाहिलेल्या कमलम्मालाही तो दिसला. ती भिंतीला टेकून हसत सुटली. चंद्रव्वाच्या बोळक्या तोंडातून शिटीसारखा आवाज निघाला. मुली ओरडल्या, "परत, काका, परत!"

"सुंदरे, तुज्या वरताण निघाला बघ तुजा नवरा," कमलम्मा म्हणाली.

सुंदरम्मा भाकरीची टोपली घेऊन उभी होती. ती हसली नव्हती.

बसवराज चालत तिच्यासमोर आला आणि थांबला. खांदा पाडलेला, हात छातीशी, चेहऱ्यावर ते ओशाळे हसू. बाकीच्यांचे हसणे हळूहळू ओसरले. तो हलला नाही. तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला.

"लई लांबनं आलता तो," ती पुटपुटली.

तो तसाच उभा होता. चुलीवर कालवण करपत होते. कमलम्माने एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिले.

शेवटी सुंदरम्मा हसली.

तेव्हा त्याने हात खाली सोडले, पाटावर जाऊन बसला आणि भाकरी मागितली.